मदत हवी आहे : माळ्यावरच्या भांड्यांवर दुसऱ्यांची नावं आहेत

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आईचे गुडघे गेलेत, आणि यंदा दिवाळीनंतर ती माझ्याकडे अमरावतीला राहायला कशीबशी तयार झाली. घर विकायचं नाही, पण मागची बाजू पडायला आलीय, ती उतरवायची आहे. म्हणून तीन आठवडे झाले, आम्ही मायलेकी घर रिकामं करतोय. दादा नागपूरहून शनिवार-रविवार येतो, सल्ले देतो आणि जातो.

बरंचसं सुटलं. तिफण, वखर, डवरे ही शेतीची औजारं चुलतभावाने नेली. आजीच्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायला दिल्या. एका लुगड्याच्या घडीत जुन्या पाचशेच्या सात नोटा निघाल्या, २०१६ च्या आधीच्या. दहापर्यंत ठेवल्या तर चालतात म्हणे, त्या तशाच घडीत परत ठेवल्या. घरच्या कापसाच्या सहा गाद्या आहेत, पण गावात आता पिंजारी येत नाही, त्यामुळे त्या दगड झाल्यात. जातं तिथंच राहिलं, कारण ते हलवायला चार माणसं लागतात आणि गावात चार रिकामी माणसं एका वेळी भेटत नाहीत.

कागदांचं मात्र सांगून ठेवते. पत्र्याच्या पेटीतल्या कागदांना दादा काडी लावायला निघाला होता. त्यात मोठेबाबांच्या शाळेचा १९५८ चा दाखला निघाला, जातीच्या नोंदीसकट. आमच्या खानदानात सध्या तीन पोरांची ओबीसीची जात पडताळणी व्हायची आहे. त्यासाठी लागणारा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा म्हणजे काय चीज असते, ते समितीच्या कचेरीत खेटे घातलेल्यालाच कळेल. तर जाळायच्या आधी एकेक कागद वाचा.

आता मूळ अडचण.

माजघरावरच्या माळ्यावर, कडब्याच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेली १९ भांडी सापडली. सात गुंड (पाणी भरायची पितळी भांडी), पाच काशाच्या थाळ्या, चार पराती, दोन कोपर (परातीसारखी पसरट भांडी) आणि एक घंगाळ. घासल्यावर ठोकून घातलेली नावं वर आली. एकही नाव आमच्या घरातलं नाही. चौदा वाचता येतात, पाच झिजलीत. काहींवर सन आहे, काहींवर नुसतं बाईचं नाव आणि माहेरचं गाव, म्हणजे आंदणातलं भांडं असणार.

आमचे आबाजी, म्हणजे आजोबा, सावकार नव्हते, निदान आम्हाला तसं कधी सांगितलं गेलं नाही. पण पेरणीच्या तोंडावर लोक भांडं ठेवून बियाण्याला पैसे न्यायचे आणि कापूस विकला की सोडवून न्यायचे, एवढं ऐकून होते. ही न सोडवलेली भांडी, हे उघड आहे.

दादा म्हणतो, भंगारात घाल, भिंत उतरवायचा खर्च निघेल. भांडी परत करायला गेलो तर लोक भांड्यावरून वावरावर, म्हणजे शेतावर हक्क सांगायला येतील, अशी त्याला धास्ती आहे. वहिनी म्हणते, दोन गुंड घासून हॉलमध्ये ठेवू, छान दिसतात. (वहिनीवर राग नाही, खरंच छान दिसतात.) आईने मात्र पहिल्या दिवशीच सांगितलं, "आपले नोहोत ते. ज्याचे त्याले देऊन टाक." यापलीकडे ती काही बोलत नाही.

माझी अडचण अशी. चौदातली सहा घरं अजून गावात आहेत. त्यातल्या एका घरचा मुलगा तालुक्याला शिक्षक आहे, एकाचं कृषी केंद्र आहे. त्यांच्या दारात जाऊन मी काय म्हणू? तुमच्या आजोबांनी आमच्या आजोबांकडे परात गहाण टाकली होती, ही घ्या? द्यायला गेले आणि पाणउतारा करून आले, असं व्हायला नको. कुणी असं केलं आहे का?

आणखी एक छोटा प्रश्न. कोठ्यात एंडोसल्फान या कीटकनाशकाचा अर्धा भरलेला डबा निघाला. त्याचं काय करायचं?

तिफण

आधी डब्याचं. एंडोसल्फानवर २०११ पासून बंदी आहे. विहिरीजवळ, नाल्यात, उकिरड्यात ओतू नका आणि भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका, तो डबा धुऊन कुणाच्या तरी घरी तेलाला जातो. हातमोजे घालून डब्यासकट जाड पिशवीत बांधा, कुलपात ठेवा आणि कृषी सहायकाला कळवा. कृषी केंद्रवाल्यालाही विचारा, कंपनीची माणसं त्याच्याकडे येतात. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झालं ते सांगायला नको.

भांडी विकायचीच झाली तर काशाच्या थाळ्या पितळेत मोजू देऊ नका. कासं म्हणजे तांबं आणि कथील, भाव पितळेपेक्षा चांगला जास्त असतो. टिचकी मारा, काशाचा नाद घुमत राहतो, पितळ लवकर गप्प होतं. भंगारवाला सगळं एका काट्यावर टाकतो. वजन घरी करून ठेवा.

सपरीवरचा

ताई, एवढा विचार कशाला? गावातल्या देवळाला देऊन टाका. सप्त्याच्या जेवणावळीला पराती, गुंड कामी येतात. नाव कुणाचं का असेना, भांडं गावातच राहील आणि कुणाच्या दारात जायला नको.

पऱ्हाटी

@तिफण, धन्यवाद. डबा बांधून ठेवलाय. आई त्याच्याच शेजारी कोंबड्यांचे दाणे ठेवत होती, काय बोलणार.

@सपरीवरचा, हे मलाही पटलं होतं. रात्री आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "देवाले चोरीचं कायले देतं?" चोरीचं हा शब्द का वापरला ते विचारलं तर तव्याकडे बघत राहिली.

कोर्टाची पायरी

मी यवतमाळला वकिली केली, आता निवृत्त आहे. तुमच्या आईंच्या शब्दाला कायद्यात जागा आहे, म्हणून लिहितो.

ऑगस्ट १९७५ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा अध्यादेश निघाला आणि पुढे त्याचा कायदा झाला. लहान शेतकरी, शेतमजूर, गावचे कारागीर यांची सावकारी कर्जं त्याने संपवली. त्यांच्या गहाण वस्तूही मोकळ्या झाल्या, त्या परत करणं घेणाऱ्यावर बंधनकारक होतं. सुप्रीम कोर्टात १९७७ मध्ये हा कायदा टिकला. म्हणजे तुमच्या माळ्यावरची भांडी त्या वेळी गहाण असतील आणि ठेवणारी माणसं या व्याख्येत बसत असतील, तर ती तेव्हाच त्यांची झाली. पन्नास वर्षं नुसती तुमच्याकडे पडून आहेत.

भावाच्या धास्तीबद्दल. २०१४ च्या सावकारी कायद्यात सावकाराने बळकावलेली जमीन परत मागता येते, पण ती १५ वर्षांच्या आतल्या व्यवहारांसाठी. आबाजींच्या काळातल्या वावरावर भांड्यामुळे कुणी येईल असं मला दिसत नाही. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, सातबारा आणि जुने फेरफार चालू वकिली करणाऱ्याला दाखवा.

काशाची थाळी

मी पलीकडच्या बाजूची आहे, म्हणून खास खाते उघडून लिहितेय.

माझ्या आजीचा गुंड असाच एका घरी राहिला. वाशीम जिल्ह्यातली गोष्ट. तिच्या आईने आंदणात दिलेला. ती मरेपर्यंत त्या घरावरून जाताना मान वळवून आत बघायची. आम्ही हसायचो तिला.

ताई, आणून दिलात तर पाणउतारा होत नाही. कशा देता त्यावर आहे. बैठकीत चार माणसांसमोर देऊ नका. फोटो तर अजिबात काढू नका, ग्रुपवर टाकू नका. पुरुषांना पाठवू नका, ते लगेच हिशोब, व्याज, कोण कुणाचं काय करतात. दुपारी, बाया घरात असतात तेव्हा, तुमच्या आईंना घेऊन जा. गहाण हा शब्द काढायची गरज नाही. "तुमच्या घरचं भांडं आमच्या घरी राहून गेलं होतं" म्हणा. हे खरंही आहे. आणि रिकामं भांडं देऊ नका. पसाभर तुरी, गहू, काहीही घाला.

शिक्षकाच्या घरचं आधी नका नेऊ. ज्या घरी जुनी म्हातारी अजून आहे तिथून सुरुवात करा.

सपरीवरचा

वरचा प्रतिसाद वाचून माझा देवळाचा सल्ला मागे घेतो.

पऱ्हाटी

आठ दिवसांनी लिहितेय.

@कोर्टाची पायरी, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मग तिनेच सांगितलं. तिचं लग्न १९७४ चं. पुढच्या वर्षी पोळ्याच्या आठेक दिवस आधी गावात बातमी आली की भांडी परत द्या म्हणून सरकारचा हुकूम निघाला. काही घरांनी दिलीही. आमच्या आबाजींनी त्या रात्री कंदील लावून भांडी माळ्यावर चढवली. "मामाजी वर होते. मी खालून एकेक देत होती. नवी सून मी, काय बोलू?" दुसऱ्या दिवशी एक बाई गुंड मागायला आली, तर आबाजी म्हणाले, तो कधीच मोडीत गेला. आई तेव्हा चुलीपाशी होती. तिने ते ऐकलं. बाबांना माहीत होतं की नाही, हे मी विचारलं नाही.

दादाला फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, घंगाळ जड आहे, मी रविवारी गाडी आणतो.

@काशाची थाळी, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पहिलं घर त्याच बाईचं. ती आता नाही, पण तिची सून आहे, आईच्याच वयाची. दुपारी गेलो. गुंडात घरच्या तुरी घातल्या होत्या. मी ठरवलेलं वाक्य बोलायच्या आतच आई म्हणाली, "हा मोडीत गेला नव्हता." मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

त्या बाईंनी तुरी सुपात ओतल्या, गुंड अंगणातल्या नळाखाली नेला आणि काठोकाठ भरला. आम्ही तिघी बघत उभ्या. बुडाशी थेंब धरला, मग दुसरा. त्या म्हणाल्या, "गयते वो हा. दुरुस्त करून आण, मंग ठेवतो." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आई घरी येईपर्यंत हसत होती. गुडघ्याचं नावही नाही.

चार घरं झालीत. शिक्षकाच्या घरी त्यांच्या आईने परात घेतली, ते घरी नव्हते. एका घराने घेतली नाही, "आमची नसेल" म्हणाले, नाव स्पष्ट असताना. ती थाळी परत आणून वेगळी ठेवलीय. गाव सोडून गेलेल्या आठ घरांपैकी दोघांचे फोन नंबर मिळालेत. झिजलेल्या पाच नावांवर तांदळाचं पीठ चोळून तिरप्या उजेडात बघतेय, एक आडनाव लागल्यासारखं वाटतं.

तर आता प्रश्न बदललाय. पितळी भांड्याला झाळ देणारा (गळकी जागा सांधणारा) कारागीर दारव्हा, दिग्रस, नेर या भागात कुणाला माहीत आहे का? बाजाराच्या दिवशी बसणारा असला तरी चालेल. एमसील लावून द्या, हा सल्ला दादाने देऊन झालाय, तो नको.