अनुभव धागा: झड, बंद पडलेला गोल्फ कोर्स आणि आपापली गल्ली

सातनंबरआयर्न:
आज गोल्फचे बूट धुवायला काढले. मागच्या रविवारी कामठीला पाच होल झाले अन् विजा कडाडायला लागल्या, खेळ थांबला, तेव्हापासून झड सुरूच आहे. तळव्याच्या खिळ्यांत काळी माती दगडासारखी बसली होती, चमच्याच्या दांड्यानं काढून राहिलो होतो, पाणी टाकलं आणि तो वास आला. २३ सप्टेंबर २०२३, शनिवार पहाट. नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी आमच्या लेआउटमध्ये आलं त्या दिवशी घरभर हाच वास होता.

चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. पलंगावरून पाय खाली ठेवला तर पाणी पोटरीपर्यंत, अंधार. मागच्या गल्लीतली नाली तुंबलेली, जाळीवर पन्नी, पालापाचोळा, कोणाची तरी चटई. हाताला आलं ते बॅगमधलं सात नंबर आयर्न, म्हणजे गोल्फची लोखंडी डोक्याची काठी, त्याच्या डोक्यानं मी आणि समोरच्या घरातले दादा जाळी ओढत होतो. नऊ वर्षं समोरासमोर राहून त्या दादांशी मी धड बोललो नव्हतो. मग त्यांच्या आईला खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी आमच्या वरच्या मजल्यावर नेलं. माउली पूर्ण वेळ माझा दंड धरून होती.

या आठवड्यात खेळ नाही म्हणून रोज संध्याकाळी आम्ही दोघं जाळी बघून येतो. तुमच्याकडे काय चाललंय? पावसाचे, गल्लीचे, जे आठवेल ते लिहा.

महालक्ष्म्यांचंघर:
आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण होतं ना जी! सोळा भाज्या, आंबील, पुरण, चाळीस पानं उठली, रात्री एक वाजता आडवी झाले अन् पहाटे हे. सासूबाई म्हणे आधी मुखवटे काढ. मी म्हटलं आई आधी तुम्ही वर चला. त्या हलल्याच नाहीत. शेवटी दोन्ही मुखवटे पदरात घेतले, तेव्हा जिना चढल्या. साड्या नेसवलेल्या तशाच पाण्यात राहिल्या. विसर्जन वर गच्चीवरच हळदीकुंकू वाहून केलं. आजही ते दोन शालू कपाटात आहेत, डाग गेला नाही, टाकवत नाही.

धरमपेठवाला:
काकू वाचून अंगावर काटा आला

पार७२:
भाऊ त्या आयर्नचं काय झालं? ग्रिप म्हणजे मूठ बदलून घ्या, पाणी आत मुरलं असेल तर हातात फिरते. आणि झड थांबल्यावर कोर्स उघडला की लक्षात ठेवा, फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, पाणी साचलं असेल तर दंड न घेता बॉल उचलून बाजूला ड्रॉप करता येतो, होलच्या जवळ जायचं नाही फक्त. चिखलात रुतला तरी तसंच. हरवलेला बॉल शोधायला मात्र ३ मिनिटंच, २०१९ पासून, आधी ५ होती. आमचे जुने मेंबर अजून पाच मिनिटं गवत तुडवून राहतात 😀

गाडीघोडा:
गोल्फचं मला काही समजत नाही पण एक सांगतो, गाडी बुडाली असेल तर पाणी ओसरल्यावर चाबी फिरवू नका. इंजिनात पाणी असलं अन् चालू करायला गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. माझ्या भावानं तेच केलं. ढकलून बाहेर काढा, बॅटरीची वायर काढा, टोचन करून न्या. पहिला फोटो दारातच काढा, क्लेमला लागतो.

कामठीरोड:
त्या दिवशी इकडून लष्कराचे जवान नागपूरले गेले होते मदतीला. ज्या गावी तुम्ही दर रविवारी खेळायला येता तिथलेच पोट्टे समजा. आल्यावर तर्री पोहे खाऊन जात जा.

महालक्ष्म्यांचंघर:
बूट उन्हात नका ठेवू हं, आत पेपर कोंबा, तळवा सुटतो नाहीतर. (ऊन आहे कुठे म्हणा.)

तान्ह्यापोळ्याचीआई:
पोरगा लाकडी बैल घेऊन खिडकीत बसला आहे, रोज विचारते तान्ह्या पोळ्याले पाऊस थांबेल का. काय सांगू. आमच्या गल्लीत चेंबरचं झाकण गेलेलं आहे, पाण्यात दिसत नाही, मी त्यात पळसाची फांदी रोवून लाल ओढणी बांधली. कोणी पडू नये बस.

सातनंबरआयर्न:
ताई, फांदी वाहून जाऊ शकते, एखादा जड टायर ठेवा भोवती, आमच्याकडे तसंच केलं आहे. कोणती गल्ली ते मला मेसेज करा, टायर मी आणून देतो, पंक्चरवाल्याकडे पडलेले असतात.

पार७२, ग्रिप बदलली नाही. समोरच्या आजी मागच्या वर्षी गेल्या. ते आयर्न आता बॅगेत नसतं, जिन्याच्या कोपऱ्यात उभं असतं, आणि नालीची जाळी काढायची झाली की दादा येऊन तेच मागतात.

धरमपेठवाला:
रविवारी कोर्स बंदच असेल तर सकाळी ७ ला मी पण येतो जाळीवर. फावडं आहे माझ्याकडे.