टॉनिकने मणी फुगला म्हणता, पण मोजलं कसं?

निफाडचा बागायतदार
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितोच. यंदा फुगवणीच्या काळात, म्हणजे मणी वाढताना, थॉमसन द्राक्षाच्या बागेला एक नवीन टॉनिक मारलं, दोन फवारण्या. आमच्या शिवारात ज्याने त्याने मारलंय आणि कुणालाही विचारा, एकच उत्तर, रिझल्ट आहे. रिझल्ट आहे म्हणजे काय मोजलं? गेल्या वर्षीपेक्षा मणी मोठा दिसतो म्हणून? गेल्या वर्षी झाडावर घड जास्त ठेवले होते, वातावरण ढगाळ होतं, जीएचं डिपिंग, म्हणजे मणी वाढवणाऱ्या संजीवकात घड बुडवणं, तीन दिवस लांबलं होतं, मग त्यातलं टॉनिकचं किती आणि बाकीचं किती हे कसं वेगळं काढणार?

म्हणून मी यंदा बागेत सहा ठिकाणी ओळींच्या जोड्या पाडल्या. जोडीतल्या कुठल्या ओळीला टॉनिक आणि कुठल्या ओळीला नुसतं पाणी हे नाणं उडवून ठरवलं. दोन्हींच्या मधे एक ओळ मोकळी सोडली कारण ब्लोअरचा फवारा शेजारी उडतोच. काढणीच्या आधी पुतणीने व्हर्निअरने मणी मोजले, तिला कुठली ओळ कशाची हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. टॉनिकवाल्या ओळीतला मणी सहा जोड्यांत इतक्या मिमीने मोठा निघाला: ०.९, ०.१, ०.६, वजा ०.२, १.१, ०.५. सरासरी बरोबर अर्धा मिमी. माझं स्पष्ट मत आहे की एवढं केल्याशिवाय कुणी रिझल्ट आला असं बोलू नये, कारण त्या बोलण्यावर दहा जण खर्च करतात.

पिंपळगावचे आप्पा
भाऊ, तुझी तळमळ समजते पण हे मला पटत नाही. तीस वर्षं द्राक्ष करतोय. पान बघून कळतं झाडाला काय कमी पडलं, मणी हातात घेतला की फुगवण चालू आहे का थांबली ते कळतं. तू सहा ओळी नुसत्या पाण्यावर ठेवल्या, त्यांचा मणी बारीक राहिला आणि माल लोकल बाजारात स्वस्तात गेला तर फरक कोण देणार? सोसायटीचं कर्ज प्रयोगाला थांबत नाही. आणि हाच नियम डाऊनी रोगाच्या औषधाला लावून दाखव. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यात, कोंब फुटताना, पाऊस आला आणि तू चार ओळी विना औषधाच्या सोडल्या तर तिथून डाऊनी सगळ्या बागेत जाईल, शेजाऱ्याच्याही. २०१९ चा परतीचा पाऊस आठव, त्या वेळी कंट्रोल, म्हणजे विना औषधाची, ओळ ठेवा म्हणणाऱ्याला कुणी बांधावर उभं केलं नसतं.

निफाडचा बागायतदार
आप्पा, डाऊनीचं तुमचं शंभर टक्के मान्य. रोगाच्या औषधात मोकळी ओळ सोडायचीच नाही, तिथे नेहमीचं चालू औषध एका ओळीला आणि नवीन दुसऱ्या ओळीला, अशी तुलना करायची. पण टॉनिकचं तसं नाही. माझ्या बागेत ओळी आहेत ६०, त्यातल्या सहा पाण्यावर. आणि टॉनिक कामाचं नसेल तर त्या सहा ओळींचा खर्च उलट वाचला ना.

दिंडोरीचा सल्लागार
मी या भागात सल्ला देतो म्हणून बोलतो. एवढी ओढाताण कशाला? माझ्याकडे चाळीस प्लॉटचे फोटो आहेत, आधीचे आणि नंतरचे, चाळीसही ठिकाणी मण्याची साईज वाढलेली. चाळीस शेतकरी खोटं बोलतात का? तुमच्या एका बागेपेक्षा चाळीस बागांचा अनुभव मोठा आहे.

राहुरीची एमएस्सीवाली
दादा, शेतकरी खोटं बोलत नाहीत, पण फुगवणीच्या काळात आधी आणि नंतर फोटो काढला तर टॉनिक न मारलेल्या बागेतही मणी मोठाच दिसणार, तो वाढायचाच काळ आहे तो. दुसरं म्हणजे हे चाळीस कोण? ज्यांना फरक दिसला त्यांनी फोटो पाठवले. ज्यांना काहीच दिसलं नाही ते फोन करत नाहीत, पुढच्या वर्षी दुसरं काही घेतात. आणि फोटोसाठी घड निवडताना हात आपोआप चांगल्या घडाकडे जातो, माझाही गेलाय.

बागायतदार काकांनी केलंय ते जवळजवळ आम्ही कॉलेजात करतो तसंच आहे, आम्ही त्याला ट्रीटमेंट (जे मारलं ते), रेप्लिकेशन (तेच अनेक ठिकाणी करणं), ब्लॉक (सारख्या ओळींचा गट) म्हणतो. फिशर नावाचा माणूस १९१९ मध्ये इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती केंद्रावर आला, तिथे १८४३ पासून गव्हाच्या प्लॉटच्या नोंदी पडून होत्या, त्या चाळताना त्याला सारखं हेच आडवं येत होतं की खताचा फरक कुठला आणि जमिनीचा, पावसाचा कुठला. त्यातून त्याने तीन गोष्टी मांडल्या, पुन्हा पुन्हा करा, चिठ्ठी टाकून वाटा, आणि सारख्यातल्या सारख्याची तुलना करा. हे आपल्याकडे परकं नाही. पीक विम्यासाठी गावात पीक कापणी प्रयोग होतो, त्यात कुठला प्लॉट कापायचा हे चिठ्ठीसारखंच ठरतं, आणि ती पद्धत बसवण्यात सुखात्मे आणि पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. सुखात्मे तर साताऱ्याकडच्या बुध गावचे.

एक चूक मात्र बहुतेक जण करतात. एका ओळीला मारलं, एका ओळीला नाही, आणि प्रत्येकी तीनशे मणी मोजून म्हणतात आमच्याकडे तीनशे नमुने. नमुना एकच आहे हो, ओळ! त्या ओळीखाली मुरूम लागला असेल तर तीनशेच्या तीनशे मणी तेच सांगतील.

सातपूर क्वालिटी
शेतीतलं कळत नाही पण मोजण्याचं रोजचं काम आहे. आम्ही नायलॉनचे पार्ट करतो. एकदा मटेरियलचा ग्रेड बदलला, तपासणीत स्ट्रेंथ कमी आली, सगळे नवीन ग्रेडला नावं ठेवायला लागले. नंतर लक्षात आलं की जुन्याचे नमुने तपासले होते उन्हाळ्यात आणि नव्याचे जुलैत. नायलॉन हवेतली ओल पितं आणि मऊ पडतं. दोन्ही एकाच दिवशी, सारखे सुकवून तपासले तर फरक उरला नाही. त्यामुळे गेल्या वर्षीशी तुलना हा शब्द ऐकला की मला धडकी भरते.

पण काका, तुमच्या व्हर्निअरवर माझा आक्षेप आहे. मणी मऊ असतो, जबडा किती दाबला त्यावर आकडा बदलतो. आमच्याकडे नवीन गेज, म्हणजे मोजायचं साधन, आलं की तेच दहा पार्ट दोन माणसांकडून दोन दोनदा मोजून घेतात, आधीचे आकडे न दाखवता. तुमच्या पुतणीने तेच वीस मणी परत मोजले तर आकडे कितीने हलतात? ०.३ ने हलत असतील तर ०.१ च्या फरकाला अर्थ नाही. ब्रिक्सचं, म्हणजे मण्यातल्या साखरेचंही तेच, घडाच्या खांद्यावरचा मणी आणि शेंड्यावरचा मणी वेगळं दाखवतो, आणि ते मोजणारा साधा रिफ्रॅक्टोमीटर २० अंशाला जुळवलेला असतो, दुपारच्या उन्हात वेगळा आकडा देतो.

निफाडचा बागायतदार
मोजणी परत करून बघितली नाही, हे खरं. पण सगळ्या ओळी तिनेच मोजल्या, टॉनिकच्या आणि पाण्याच्या आलटून पालटून, त्यामुळे जबडा दाबायची सवय दोन्हीकडे सारखीच असणार. तरी पुढच्या वेळी वीस मणी दोनदा मोजून घेतो.

पिंपळगावचे आप्पा
एवढं सगळं केलं, मग शेवटी उत्तर काय? चालतं का नाही चालतं?

राहुरीची एमएस्सीवाली
आप्पा, काकांचे सहा आकडे मी मांडले. सरासरी ०.५, पण आकडे इतके पसरलेत की ९५ टक्क्यांची पट्टी, म्हणजे खरा फरक ज्या हद्दीत असावा असं आकडे सांगतात ती, साधारण शून्यापासून एक मिमीपर्यंत जाते. म्हणजे खरा फरक अगदी नगण्यही असू शकतो आणि चांगला मिमीभरही.

दिंडोरीचा सल्लागार
म्हणजे सिद्ध झालं नाही. मग नुसतं अर्धा मिमी अर्धा मिमी करून मी विकतो त्या टॉनिकला नाव ठेवायचं कारण काय?

राहुरीची एमएस्सीवाली
नाव कुणी ठेवलं? सिद्ध झालं नाही आणि उपयोग नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडेसुद्धा असा फरक नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता मोजतात, आणि ती पाच टक्क्यांच्या रेघेच्या अलीकडे आली तर टाळ्या आणि पलीकडे गेली तर कचरा असं करतात, मला ते चुकीचंच वाटतं. ती रेघ माणसाने आखलीय. काकांनी सहाच्या जागी बारा जोड्या केल्या असत्या तर पट्टी अरुंद झाली असती आणि बोलता आलं असतं.

पिंपळगावचे आप्पा
हे बघ ताई, मला रेघ नको, मला हिशोब पाहिजे. माझा मणी साडेसतरा मिमीवर अडकला असेल आणि व्यापारी अठराच्या वर मागत असेल तर अर्धा मिमी म्हणजे सोनं आहे. मणी आधीच एकोणीस असेल तर तोच अर्धा मिमी पाण्यात. तुमच्या पट्टीत हे कुठे आहे?

निफाडचा बागायतदार
आप्पा, हे मात्र मी लिहायला पाहिजे होतं, चुकलं माझं. फरक मोजणं आणि तो आपल्या कामाचा आहे का हे ठरवणं, दोन्ही लागतं. फक्त माझा आग्रह एवढाच की आधी मोजा. साडेसतराचा मणी अठरा होईल हे धरून खर्च केला आणि खरा फरक ०.१ निघाला तर खर्चही गेला आणि मालही लोकललाच. शिवाय माझं उत्तर एका हंगामाचं आहे, पुढच्या वर्षी थंडी कमी पडली तर काय होईल ते मला आज सांगता येत नाही, म्हणून पुन्हा करणार आहे.

पिंपळगावचे आप्पा
बरं. समजा मी चार जोड्या केल्या. माझी बाग ओढ्याकडे उतरती आहे, वर मुरूम, खाली काळी. ओळी उताराला आडव्या आहेत. जोड्या कशा पाडायच्या, वरची एक ओळ आणि खालची एक?

राहुरीची एमएस्सीवाली
नाही आप्पा, तसं केलं तर मुरमाची आणि काळीची तुलना होईल. एक जोडी पूर्ण वर, एक पूर्ण खाली, दोन मधल्या पट्ट्यात, आणि जोडीतल्या दोन ओळी जवळजवळच्या. नाणं प्रत्येक जोडीला वेगळं उडवा, एकदाच उडवून सगळीकडे डावी ओळ टॉनिकची असं करू नका. दोन्ही ओळींत झाडामागे घड सारखे ठेवा, थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, एकच टोळी लावा. आणि पाण्याची ओळ म्हणजे ब्लोअर तिथूनही फिरवायचा, नुसतं पाणी घेऊन.

पिंपळगावचे आप्पा
ओढ्याला लागून शेवटच्या तीन ओळी आहेत, तिथे दरवर्षीच मणी बारीक राहतो. त्या सोडतो. बाकी चार जोड्या धरतो, पण फुगवणीची पहिली फवारणी माझ्या अंदाजाने ठरवणार, तारखेने नाही.

निफाडचा बागायतदार
अंदाजाने ठरवा आप्पा, फक्त आठही ओळींना एकाच सकाळी. व्हर्निअर माझा घेऊन जा, पुतणीला पाठवतो मोजायला.