इलियडमधल्या बायका नुसत्या रडायलाच आहेत का?

पुस्तकी_किडा: ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं ग्रीक महाकाव्य इलियड इंग्रजी भाषांतरातून वाचतेय. 23व्या सर्गात डोकंच फिरलं. ग्रीक वीर अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस, त्याच्या अंत्यविधीनंतर खेळ होतात. कुस्ती जिंकणाऱ्याला तिवई, किंमत 12 बैल. हरणाऱ्याला सगळ्या कामांत तरबेज अशी एक बाई, किंमत 4 बैल! बाकीच्या बायका रडतात, नाहीतर जिच्यावरून युद्ध पेटलं त्या हेलनसारख्या स्वतःलाच शिव्या घालतात. पुढे वाचू का?

माळ्यावरचा: अहो, एकच सर्ग राहिलाय, सोडता कशाला? आणि बायका नुसत्या रडतात म्हणताय, तर 6वा सर्ग परत काढा. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर, त्याची बायको अँड्रोमकी नवऱ्याला चक्क मोर्चेबांधणी सांगते: सैन्य रानअंजिराच्या झाडापाशी उभं कर, तिथे तट चढायला सोपा आहे, शत्रूने तीनदा तिथूनच प्रयत्न केलाय. हेक्टर यावर अवाक्षर काढत नाही. घरी जा, माग आणि चाती बघ, युद्ध पुरुष बघतील, एवढंच. (ओळखीचं वाटतंय ना?) 22व्या सर्गात अकिलीस पाठीस लागल्यावर हा गडी पळतो तो त्याच अंजिरावरून. आणि बायको? सांगितल्याप्रमाणे मागावर बसलेली. तो दमून येईल म्हणून दासींना आंघोळीचं पाणी तापवायला सांगते, तेवढ्यात तटावरून आक्रोश ऐकू येतो आणि हातातला धोटा खाली पडतो. कवीला बायकांचं काही पडलेलं नसतं तर पाणी तापवायचं कशाला सुचलं असतं?

ठाम_असहमत: सुचलं, मान्य. पण ऐकलं कुणी तिचं? होमरच्याच ओडिसीत नायकाचा मुलगा टेलेमकस सख्ख्या आईला, पेनेलोपीला, हेच माग-चातीचं ऐकवतो, तेही दोनदा. शिवाय शेवटी पेनेलोपीला मागणी घालायला आलेल्यांबरोबर झोपल्या म्हणून 50पैकी 12 दासींना आधी प्रेतं उचलायला, रक्त पुसायला लावतात आणि मग फासावर चढवतात. त्यांना मनाविरुद्ध ओढलं होतं का, हे तिथे कुणी विचारतही नाही.

माळ्यावरचा: दासींचं पटलं. पण पाय थोडा वेळ तडफडले, हेही होमरच लिहितो. नजर फिरवत नाही.

पुस्तकी_किडा: 24वा संपवला. हेक्टरसाठी शेवटचा विलाप हेलनचा! दीर, नणंदा, जावा, सासू टाकून बोलत, हा एकटा त्यांना आवरायचा, म्हणते. सासरेबुवा तेवढे चांगले. हे मी दोनदा वाचलं. ओडिसी मात्र दिवाळीनंतर बघू.