इअरप्लग: गिगपेक्षा तालमीत जास्त गरजेचे
बँडमध्ये वाजवताना कानात इअरप्लग घातले की सिंबल (ड्रमच्या झांजा) मेल्यासारखे वाटतात, हे या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते फोमच्या प्लगबाबत अगदी खरं आहे. फोम वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे उंच पट्टीचे आवाज, जास्त खातो आणि सगळं कोंदट होतं. वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग मात्र सगळाच आवाज जवळपास सारखा खाली आणतात. कान काही तालमींत सरावतो.

पण इथे सगळे गिगबद्दलच, म्हणजे लोकांसमोरच्या कार्यक्रमांबद्दलच, बोलताय. माझ्या मते खरा घात तालमीच्या खोलीत होतो. गिग अधूनमधून, तालीम दर आठवड्याला, तीही लहानशा बंद खोलीत. अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला जास्तीत जास्त ८ तासांची आहे, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि मेटलची तालीम त्याच्या सहज वर जाते! आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प उचलून, तिरका करून वाजवणाऱ्याच्या कानाकडे वळवल्याने. अ‍ॅम्प गुडघ्याशी असला की गिटारिस्टला स्वतःचं नीट ऐकू येत नाही, तो आवाज वाढवतो, मग बास गिटारचा आवाज वाढतो, मग ड्रमर आणखी जोरात हाणतो.