मदत हवी आहे : नॉच-३ जनुकातील बदल आणि लक्षणे नसताना करायची चाचणी

माझ्या आईला ५४ व्या वर्षी, रक्तदाब आणि साखर नियंत्रणात असूनही, पक्षाघाताचा झटका आला. एमआरआयमध्ये मेंदूच्या टेम्पोरल (कानशिलाजवळच्या) खंडांच्या पुढच्या टोकांशी श्वेतद्रव्यात (मज्जातंतूंच्या भागात) बदल दिसले आणि जनुकीय तपासणीत ‘कॅडासिल’ या मेंदूतील लहान रक्तवाहिन्यांच्या आनुवंशिक आजाराचे निदान झाले. १९ व्या गुणसूत्रावरील नॉच-३ जनुकातील हा बदल प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता ५० टक्के असते, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे एपीओई-४ या जनुकप्रकारासारख्या, अल्झायमरची केवळ जोखीम वाढवणाऱ्या घटकाविषयी मी विचारत नाही.

मी ३४ वर्षांचा असून मला अर्धशिशीखेरीज कोणताही त्रास नाही. मात्र अर्धशिशी उठण्याआधी काही वेळा डोळ्यांसमोर नागमोडी प्रकाशरेषा येतात, आणि या आजारात ते आरंभीचे लक्षण असू शकते, ही गोष्ट मनातून जात नाही. रक्तदाब व कोलेस्टेरॉल तपासले, दोन्ही योग्य आहेत. धूम्रपान मी करत नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी चाचणीचा निर्णय माझ्यावर सोपवला आहे, पण जनुकीय समुपदेशन अजून झालेले नाही.

आईच्या अहवालात सिस्टीन या अमिनो आम्लाची संख्या बदलणारा दोष ‘ईजीएफ-सदृश पुनरावृत्ती’ क्र. ११ मध्ये (म्हणजे नॉच-३ प्रथिनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सारख्या भागांपैकी अकराव्यात) असल्याचे लिहिले आहे. पहिल्या सहा पुनरावृत्तींतील दोषांच्या तुलनेत पुढील भागातील दोषांत आजार सामान्यतः उशिरा व सौम्यपणे प्रकटतो, असे मी वाचले आहे. आजार थांबवणारे औषध आज उपलब्ध नसताना, समुपदेशकांना नेमके काय विचारावे, आणि ज्यांनी लक्षणे नसताना ही चाचणी केली, त्यांच्या उपचारांत किंवा निर्णयांत निकालामुळे प्रत्यक्षात काय बदलले?