मदत हवी आहे: काश्मीर की शिमला, गोल्फ कुठे खेळावा?

नमस्कार मंडळी. नाशिकमधून चौघं मित्र जूनमध्ये डोंगरात जायचं म्हणतोय. आपल्या गावात 'गोल्फ क्लब' म्हटलं की अनंत कान्हेरे मैदानावरचं क्रिकेट आणि सकाळचा वॉक, त्यामुळे घरच्यांना आधी हेच पटवावं लागलं की आम्ही खरंच गोल्फ खेळतो!

क्लबचं सभासदत्व नसलेल्यांनाही पैसे भरून खेळता येईल, असेच कोर्स (गोल्फची मैदानं) हवेत. मन गुलमर्गवर आहे. 18 होल, उंची सुमारे 2650 मीटर. हवा विरळ म्हणजे चेंडू लांब जाणार, हा मोह मोठा. पण आमच्यातल्या एकाचा गुडघा कुरकुरतोय आणि चढावर दमही लागेल. सोबत श्रीनगरचं रॉयल स्प्रिंग्ज गोल्फ कोर्स जोडायचं का? दुसरा पर्याय शिमल्याजवळचं नालदेहरा, लॉर्ड कर्झनच्या आवडीतून झालेलं, देवदारांच्या गर्दीतलं. माझा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, उजवीकडे पळतो, तिथे चेंडू शोधण्यातच दिवस जाईल बहुतेक.

कोणी खेळून आलंय का? ग्रीन फी (कोर्सवर खेळायचे पैसे) साधारण किती, क्लब्ज (गोल्फच्या काठ्या) भाड्याने बरे मिळतात की विमानातून न्यावेत, कॅडी (क्लब्जची बॅग उचलणारा मदतनीस) आधी सांगावा लागतो का? आणि दोन्हीपैकी एकच करायचं तर कुठलं?