‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’, ‘गो ऑन’: तिन्ही एकच का?

फळा_खडू
आठवी ते दहावीसाठी इंग्रजी शब्दप्रयोगांचं टिपण करतेय. ‘कॅरी ऑन’पुढे समानार्थी म्हणून ‘कंटिन्यू’, ‘कीप ऑन’ आणि ‘गो ऑन’ लिहिलं, अर्थ दिला ‘चालू ठेवणे’. पण ‘ही केप्ट ऑन इंटरप्टिंग मी’मध्ये ‘कॅरीड ऑन’ घातलं की वाक्य खटकतं. का, ते मुलांना नीट सांगता यायला हवं. शिवाय पुढे ‘टू’ कधी आणि ‘आयएनजी’ कधी?

दोन_शब्दकोश
‘चालू ठेवणे’ हा अर्थ पंख्याला शोभतो, माणसाच्या बोलण्याला नाही. मुलांना मराठी सहायक क्रियापदांपासून सुरुवात करून द्या, कारण हा भेद आपल्या भाषेत आधीच आहे.

‘तो मला मध्येच तोडत राहिला.’ इथे तोडणं सलग नाही. थांबला, पुन्हा तोडलं, पुन्हा थांबला. अशा पुनःपुन्हा होणाऱ्या, बहुधा त्रास देणाऱ्या क्रियेला ‘कीप ऑन’. ‘कॅरी ऑन’ला मात्र आधीपासून चाललेलं एक काम लागतं, आणि बहुतेकदा ते थांबेल असं काहीतरी मध्ये आलेलं असतं. ‘दारावरची बेल वाजली तरी ती वाचतच राहिली’: शी कॅरीड ऑन रीडिंग. ‘वाचतच’मधला ‘च’ बघा. अडथळा येऊनही न थांबण्याचा सगळा भार त्या एका अक्षरावर आहे. ब्रिटिश सरकारने १९३९मध्ये युद्धाच्या तोंडावर ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ हे पोस्टर छापलं (‘काम’ म्हणजे शांत), त्यातही हाच ‘च’ आहे: बॉम्ब पडले तरी रोजचं काम करतच राहा.

‘तेच ते सांगत बसू नकोस’मधल्या ‘बसणे’त कंटाळा आहे. त्याला ‘डोन्ट गो ऑन अबाउट इट’ चपखल बसतं. ‘ज्याला त्याला सांगत सुटला’ला मात्र यातलं काहीच लावू नका. तिथे माणसं बदलत जातात, म्हणून ‘वेंट अराउंड टेलिंग एव्हरीवन’.

आणि ‘तो दहा वर्षं हे काम करत आलाय’ला ‘कंटिन्यू’ची गरजच नाही. मुलं हमखास ‘ही इज कंटिन्यूइंग धिस वर्क सिन्स टेन इयर्स’ लिहितात. बरोबर वाक्य: ‘ही हॅज बीन डूइंग धिस वर्क फॉर टेन इयर्स’.

कर्ता_कर्म
रचनेचं सांगतो. ‘कीप’, ‘कीप ऑन’ आणि ‘कॅरी ऑन’ यांच्यापुढे क्रियापद आलं तर ते ‘आयएनजी’चंच. ‘कॅरी ऑन टू वर्क’ चूक, ‘कॅरी ऑन वर्किंग’ बरोबर. ‘कंटिन्यू’ला दोन्ही चालतात, अर्थात फारसा फरक पडत नाही.

खरा सापळा ‘गो ऑन’मध्ये आहे. ‘शी वेंट ऑन टॉकिंग अबाउट द ड्रॉट’ म्हणजे ती दुष्काळावर बोलतच राहिली. ‘शी वेंट ऑन टू टॉक अबाउट द ड्रॉट’ म्हणजे आधी दुसरं काही बोलली आणि मग दुष्काळाकडे वळली. मराठीत ‘ती पुढे दुष्काळावर बोलली’ असं मोघम वाक्य दोन्हीकडे खपतं, म्हणून भाषांतरात इथे घोटाळा होतो. मुलांना ‘बोलतच राहिली’ आणि ‘बोलण्याकडे वळली’ असे दोन वेगळे अर्थ लिहायला लावा.

पुढे नाम आलं की ‘विथ’ पाहा. ‘कॅरी ऑन विथ युअर वर्क’ म्हणजे तुझं काम चालू दे. ‘विथ’शिवाय ‘कॅरी ऑन द ट्रॅडिशन’ म्हणजे परंपरा पुढे चालवणे. तिथे बहुधा आधीच्या कुणाकडून ती हाती आलेली असते.

आणखी एक नेहमीची चूक: ‘ही इज कीप टॉकिंग’. ‘बोलत आहे’मधल्या ‘आहे’चा ‘इज’ होतो आणि ‘कीप’ मागून चिकटवलं जातं. ‘कीप’ हेच मुख्य क्रियापद आहे, म्हणून ‘ही कीप्स टॉकिंग’.

‘उभा’, ‘बसलेला’ अशा स्थितींना सहसा ‘कीप ऑन’ लावत नाहीत. ‘तो उभाच राहिला’ला ‘ही रिमेन्ड स्टँडिंग’ म्हणा.

कलम_एकोणीस
वरच्या दोघांचं पटतं, पण ‘कॅरी ऑन’चा दुसरा अर्थ टिपणात हवाच. राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ)मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ‘जी’ उपखंडात, ‘टू कॅरी ऑन एनी ऑक्युपेशन, ट्रेड ऑर बिझनेस’ असे शब्द आहेत. तिथे अर्थ ‘चालवणे’: धंदा आजच सुरू केला तरी हक्क आहेच, तो आधीपासून चालू असण्याची अट नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२च्या कलम ४मधल्या ‘बिझनेस कॅरीड ऑन बाय ऑल ऑर एनी ऑफ देम’चंही तेच. इथे ‘कीप ऑन’ किंवा ‘गो ऑन’ घातलं तर कायद्याचा अर्थच बिघडेल.

‘कॅरी आउट’ म्हणजे पार पाडणे, ‘कॅरी फॉरवर्ड’ म्हणजे हिशेबात शिल्लक पुढे नेणे. इंजिनिअरिंगची मुलं ज्या ‘कॅरी ऑन’साठी आंदोलन करतात, ती सवलत नापास विषय डोक्यावर ठेवून पुढच्या वर्षाला बसण्याची. तो आपल्याकडच्या विद्यापीठांतला वापर आहे, बाहेरच्या माणसाला तो समजावूनच सांगावा लागेल.

फळा_खडू
‘च’चं उदाहरण थेट टिपणात घेते. राहिला एक प्रश्न: मधल्या सुट्टीनंतर तास पुन्हा सुरू झाला, तर ‘कंटिन्यू’ की ‘रिझ्यूम’?

कर्ता_कर्म
‘रिझ्यूम’. मध्ये काम खरोखर थांबलेलं असलं की तोच नेमका शब्द. ‘कंटिन्यू आफ्टर द ब्रेक’ असंही लिहितात आणि ते चूक नाही, पण खंड पडला होता हे ‘आफ्टर द ब्रेक’मुळे कळतं, ‘कंटिन्यू’मुळे नाही. बोलणारा क्षणभर अडखळला आणि त्याला ‘हं, बोला पुढे’ म्हणायचं असेल, तर मात्र ‘गो ऑन’.